खुर्चीचा चार्ज

“फीड पंप तीन. दोन चालू, एक तयार,” मी म्हणालो.

“फीड पंप तीन. दोन चालू, एक तयार,” बटण म्हणाला.

“बरोबर.”

आम्ही दोघं एकेक पाऊल डावीकडे सरकलो. पुढचं पॅनेल. मी काट्याकडे बोट केलं, आकडा सांगितला. त्याने चष्मा वर करून काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आकडा परत म्हटला. मी बरोबर म्हटलं. पुन्हा एक पाऊल डावीकडे.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते. दोनला माझी शिफ्ट संपणार होती आणि शिफ्टबरोबर नोकरीही. चौतीस वर्षं आणि दोन महिने. अडीचला कॅन्टीनमध्ये माझ्या निरोपाचा कार्यक्रम होता, तिथे चार माणसं चांगलं बोलणार होती. त्यानंतर फाटकावर गळ्यातला बिल्ला जमा करायचा. उद्या मी चहा प्यायला आलो, तरी पहारेकरी मला आत सोडणार नव्हता, आणि त्याने सोडलं असतं तर मीच त्याची तक्रार केली असती.

पण मला बटणला एक गोष्ट सांगायची होती. एकोणीस वर्षं सांगायची होती. आता पंधरा मिनिटं उरली होती आणि पॅनेलं सात.

ही आमची पद्धत बाहेरच्या माणसाला सांगितली की तो हसतो. अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममधली खुर्ची कधी रिकामी ठेवायची नसते. वेळ संपली म्हणून डबा उचलून चालू लागलात, असं तिथे होत नाही. तुमच्या जागी बसणारा माणूस यावा लागतो. त्याने मागच्या आठ तासांची वही वाचायची, मग तुमच्याबरोबर एकेक पॅनेल फिरून बघायचं. तुम्ही जे सांगाल ते त्याने जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि तुम्ही ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय कोणी पुढे सरकायचं नाही. शेवटी तुम्ही म्हणायचं, ‘चार्ज दिला’. त्याने म्हणायचं, ‘चार्ज घेतला’. दोघांच्या सह्या झाल्या की तुम्ही मोकळे. तो आलाच नाही, तर तुम्ही बसून राहायचं. आठाचे बारा तास होतात, बाराचे सोळा होतात.

ही सवय आम्ही सगळे घरी घेऊन जायचो. बायको म्हणायची, “येताना दूध आणा.” मी म्हणायचो, “येताना दूध आणतो,” आणि दारातच उभा. ती वैतागून ओरडायची, “बरोबर! बरोबर! जा आता!” मुलगी लहान असताना तिला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असे पोपटासारखे बोलतात. शाळेत गेल्यावर तिला कळलं, की हा आजार फक्त आमच्या वसाहतीत आहे.

बटण म्हणजे उंचीने बेताचा, अंगाने गोल, आणि एकदा लावला की जागचा न हलणारा. मी सहा फूट दोन इंच आणि वजनाच्या नावाने बोंब, त्यामुळे कामावर आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मला ‘शिडी’ हे नाव पडलं. ते त्यानेच ठेवलं. त्याचं मी ठेवलं. खरी नावं पगाराच्या कागदावर असतील तेवढीच.

आम्ही परवान्याची परीक्षा एका खोलीत राहून दिली. एकाने पुस्तक धरायचं, दुसऱ्याने डोळे मिटून आख्खं पॅनेल हवेत काढायचं. मी पहिल्या खेपेला पास झालो, तो दुसऱ्या. पहिल्या खेपेला तो नापास झाला, तेव्हा मी माझ्या पेढ्यांचा पुडा तीन महिने फोडला नाही, आणि मग आम्ही दोघांनी मिळून ते दगडासारखे पेढे खाल्ले. दात शिल्लक राहिले हे नशीब.

त्या खुर्चीवर बसायचा परवाना असलेले तेव्हा आम्ही चौघंच होतो. कोणी आजारी पडलं, कोणाच्या घरी लग्न निघालं, की बाकीच्यांच्या वाट्याला सोळा तास. ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, म्हटलं की आम्ही तयारच असायचो. तरुण होतो, पाठ दुखत नव्हती, आणि ओटीच्या पैशांतून काय काय घ्यायचं याची यादी प्रत्येकाच्या घरी भिंतीला चिकटवलेली असायची. माझ्या यादीत सगळ्यात वर स्कूटर होती.

सोळा तासांतले शेवटचे दोन तास फार वाईट. डोळ्यांत वाळू पडल्यासारखं व्हायचं. तेव्हा बटण, त्याची शिफ्ट संपलेली असली तरी, कधीकधी माझ्यासाठी थांबायचा. मागे उभा राहून मला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावायचा. चुकलो की पहिल्यापासून. “एकोणतीस साती?” तो विचारायचा. मी म्हणायचो, “घरी जा रे बाबा.” “घरी जा नाही, दोनशे तीन,” तो म्हणायचा. अजूनही मला झोप आली की तो पाढा आपोआप सुरू होतो.

आणि खुर्ची. पॅनेलसमोर एकच खुर्ची, खाली एक दांडा, तो ओढला की खुर्ची वरखाली व्हायची. मी उठताना ती खाली करून ठेवायचो, त्याच्या मापाची. तो उठताना वर करून ठेवायचा, माझ्या मापाची. हे कोणी ठरवलं नव्हतं. येऊन बसलं की खुर्ची आपली असायची.

वसाहतीत दिवसाउजेडी अर्धी माणसं झोपलेली असत. खिडक्यांना खाकी कागद, दारावर पुठ्ठा: ‘आत झोपले आहेत’. फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला. मुलं चेंडू खेळायची तीसुद्धा बिनआवाजाची. कोणी आउट झाला की सगळी मिळून बोट वर करायची, आणि मग जे भांडण व्हायचं ते कुजबुजत. बटणच्या आईला याची फार गंमत वाटायची. ती म्हणायची, “तुमच्या इथं भांडणाला पण सायलेन्सर बसवलाय.”

ती मला ‘लांबड्या’ म्हणायची. मी त्यांच्या घरी शिरायला लागलो की आतून हाक यायची, “लांबड्या, वाक रे, चौकट नवी आहे माझी!” माझ्या डोक्याची तिला काळजी नव्हती. आत गेल्यावर मात्र माझ्यासाठी ती ताट टेबलाऐवजी कपाटावर ठेवायची आणि म्हणायची, “तुला हेच सोयीचं.” माझी आई मी शाळेत असतानाच गेली. त्यामुळे ही थट्टा मला किती गोड लागायची, ते मी कधी कोणाला सांगितलं नाही.

“टर्बाइन ऑइल, टाकी अठ्ठ्याहत्तर टक्के,” मी म्हणालो.

“टर्बाइन ऑइल, टाकी अठ्ठ्याहत्तर टक्के.”

“बरोबर.”

त्या दिवसाचं सांगतो.

आदल्या दुपारी दोनला मी कामावर आलो होतो. रात्रीचा माणूस येणार नव्हता. इनचार्जनी विचारलं, थांबतोस का? दुसरं कोणी मिळेना असं नव्हतं, प्रशिक्षणाला गेलेला आमचा चौथा भिडू संध्याकाळी परतणार होता. पण स्कूटरचे दोन हप्ते राहिले होते. मी म्हटलं, थांबतो. सोळा तास भरले आणि सकाळी सहाला मला सोडवायला बटण आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

चार्ज दिला-घेतला. सह्या झाल्या. मग तो म्हणाला, “आईला काल हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणतात, आज-उद्या.”

“मग तू आलास कशाला?”

“कोण येणार होतं? चौथा काल संध्याकाळी यायचा होता, तर त्याला तिकडेच आणखी दोन दिवस ठेवून घेतलंय. तुझे सोळा झालेत. तुला आता बसू देणार नाहीत.” मग जरा थांबून म्हणाला, “दुपारी दोनला तूच आहेस ना? दीडला येशील? अर्धा तास तरी आधी सुटेन.”

“दीडला येतो,” मी म्हणालो.

“बरोबर,” तो म्हणाला आणि खुर्चीवर बसला. खुर्ची मी खाली करून ठेवली होती.

घरी आलो. बायको वसाहतीतल्या शाळेत शिकवायची, त्या दिवशी शाळेचं स्नेहसंमेलन संध्याकाळपर्यंत चालणार होतं, आणि मुलीला घेऊन ती निघायच्या तयारीत होती. मी रिसीव्हर काढून ठेवला, साडेबाराचा गजर लावला आणि पडलो. साडेबाराला उठलो. खरंच उठलो. तोंड धुतलं, शर्ट-पॅन्ट घातली. एकला बस दाराशी येऊन हॉर्न वाजवायला लागली तेव्हा मी पलंगावर बसून एका पायात मोजा चढवत होतो. खिडकीतून ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, “तू हो पुढे, मी स्कूटरवर येतो!” बस गेली. दुसरा मोजा हातात घेतला.

दार फोडल्यासारखं कोणीतरी बडवत होतं तेव्हा मला जाग आली. सव्वापाच वाजले होते. दुसरा मोजा पलंगाखाली पडला होता.

दारात केंद्राची जीप. ड्रायव्हरने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “साहेब, तुम्ही बरे आहात ना?” त्याचा आवाज कापत होता. बसवाल्याने सांगितलं होतं की शिडीसाहेब स्कूटरवर येतायत, म्हणून दोन वाजेपर्यंत कोणी काही म्हटलं नाही. अडीचला फोन केला, तो लागेना. मग जीप निघाली ती माझ्या घरी नाही, रस्त्यावर. पंधरा किलोमीटरचा रस्ता जीपने दोनदा तपासला, प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक पुलाखाली. मी घरी असेन, असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी बूट चढवले आणि जीपमध्ये बसलो. “स्कूटर बंद पडली,” मी म्हणालो. ड्रायव्हरने माझ्या अंगणात उभ्या असलेल्या स्कूटरकडे पाहिलं, आणि गाडी चालू केली.

त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. झोप लागली याची नाही. सोळा तासांनंतर माणूस झोपतो. पण जीपमधल्या त्या अर्ध्या तासात मी परवान्याचा विचार केला, चौकशीचा केला, बढतीचा केला, आणि ते वाक्य घोटून घोटून गुळगुळीत करत राहिलो.

बटण खुर्चीवर होता. मला बघून त्याने एकदाच विचारलं, “काय झालं?”

“स्कूटर बंद पडली.”

माझी पॅन्ट कायम आखूड, सहा फूट दोनला पुरेल एवढं कापड शिंप्याला सापडत नसे. मी वही वाचायला बाकावर बसलो तशी ती वर चढली. त्याने माझ्या पायाकडे पाहिलं. मग पॅनेलकडे तोंड फिरवलं. “आधी चार्ज घे,” तो म्हणाला.

त्याने पूर्ण चार्ज दिला. एकही पॅनेल सोडलं नाही, एकही आकडा घाईने सांगितला नाही. मी परत म्हणत होतो, तो बरोबर म्हणत होता. वीस मिनिटं. शेवटी म्हणाला, “चार्ज दिला.” सही केली आणि चालत गेला. पळाला नाही. खुर्ची त्याच्याच मापाची राहिली होती.

मग इनचार्ज माझ्याजवळ आले. त्यांनीच सांगितलं. चार वीसला हॉस्पिटलातून त्यांच्या टेबलावर फोन आला होता. आई गेली. इनचार्जनी तीनलाच त्याला म्हटलं होतं, “तू जा, नियम गेला खड्ड्यात, मी बसतो.” पण इनचार्जची जागा वेगळी, त्या खुर्चीचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. बटण उठला नाही. फोन आल्यावरही उठला नाही. मी चार्ज घेत होतो तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

तिच्या अंत्यविधीला मी मागे उभा होतो. तो माझ्याशी बोलला नाही. तेरावं झाल्यावर तो कामावर आला. मी त्याला चार्ज दिला, त्याने घेतला, आणि त्या दिवसापासून आमच्यात तेवढंच बोलणं राहिलं.

लोकांची भांडणं होतात तेव्हा ती तोंड फिरवू शकतात. आम्हाला ती सोय नव्हती. आमच्या पाळ्या एकाला एक लागून, आठवड्यातून चार-पाच दिवस आम्ही समोरासमोर. तिसऱ्या पंपाचं बेअरिंग किती गरम आहे, हे तो मला दशांशापर्यंत सांगायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, ते मला कॅन्टीनमध्ये कळलं. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तीन दिवस रजेवर होतो. परत येऊन वही उघडली तर तिन्ही दिवस सोळा सोळा तास बटणचं अक्षर. मी चार्ज घेताना म्हटलं, “तू थांबलास.” तो म्हणाला, “चौथ्या पॅनेलवर या.” मला तो ‘या’ म्हणाला. एखाद्या पाहुण्या साहेबाला म्हणावं तसं.

खुर्ची ज्याची त्याने वरखाली करायची, हेही त्या दिवसापासून.

मी का नाही सांगितलं? पहिल्या वर्षी भीती होती. मग भीती गेली आणि लाज उरली. नंतर नंतर तर मला वाटायला लागलं की आता सांगून काय उपयोग, जखमेवरची खपली काढण्यातला प्रकार. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवून देऊ शकतो, वेळ भरपूर मिळाला की.

आज पहाटे मी बूट घालायला बसलो, तर बायको समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात माझे मोजे होते.

“आज दोन्ही घालून जा,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मोजे. दोन्ही.”

मी वर पाहिलं. ती हसत नव्हती.

“त्या दिवशी मी शाळेतून आले, तर पलंगाखाली एक मोजा. रिसीव्हर बाजूला. आणि तुमची ती बंद पडलेली स्कूटर घेऊन मी संध्याकाळी बाजारात जाऊन आले. पहिल्या किकला सुरू झाली.”

एकोणीस वर्षं! “कधी बोलली नाहीस,” मी म्हणालो.

“तुम्ही कधी बोलताय ते बघत होते.” तिने मोजे माझ्या मांडीवर ठेवले. “मला नका सांगू, मला माहितीये. बटण भावोजींना सांगा. आज नाही सांगितलंत तर मग कुठे सांगणार? बाजारात, कांदे घेताना?”

“भावोजींना सांगतो,” मी सवयीने म्हणालो.

“बरोबर,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

शेवटचं पॅनेल झालं. आम्ही दोघं टेबलाशी आलो. वही उघडी होती. बटणने पेनचं टोपण काढलं. त्याचे केस सगळे पांढरे झालेत, हे मी जणू आजच पाहिलं. नवा शिफ्ट इनचार्ज, माझ्या मुलीच्या वयाचा, थोडा पलीकडे बसून आमच्याकडे बघत होता. त्याला वाटत असणार, म्हातारे काहीतरी भावुक बोलतील.

चार्जमधला शेवटचा मथळा असतो, ‘अपूर्ण बाबी’. जे काम सुरू झालं आणि संपलं नाही ते इथे सांगायचं, म्हणजे पुढच्याला ठाऊक राहतं. बहुतेक वेळा आम्ही म्हणायचो, ‘काही नाही’.

“अपूर्ण बाबी,” मी म्हणालो.

“अपूर्ण बाबी,” तो म्हणाला आणि थांबला.

“एक आहे.”

त्याने पेन वहीवर टेकवलं.

“त्या दिवशी स्कूटर बंद पडली नव्हती,” मी म्हणालो. “मी झोपलो होतो.”

खोलीत पंख्यांची घरघर होती, चौतीस वर्षं होती तशीच. पलीकडे इनचार्जने मान खाली घालून एक फाइल उघडली. मुलगा शहाणा आहे. बटणने पेन उचललं नाही. हे चार्जमध्ये बसत नाही, असं तो म्हणू शकला असता, आणि ते खरंच होतं. मी थांबलो. परत म्हणणं येईपर्यंत थांबायचं असतं.

“त्या दिवशी स्कूटर बंद पडली नव्हती,” तो सावकाश म्हणाला. “तू झोपला होतास.”

‘तू’ म्हणाला. आता पाळी माझी होती. तो शब्द मी आयुष्यात लाख वेळा उच्चारला असेल.

“बरोबर,” मी म्हणालो.

“पुढे?”

“तू दीडला ये म्हणाला होतास. मी हो म्हटलं होतं.”

“मी दीडला ये म्हणालो होतो. तू हो म्हटलं होतंस.”

“बरोबर. आई तुझी वाट बघत होती.”

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं परत म्हणणं आलं नाही. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. “बघत होती,” तो म्हणाला. अर्धंच म्हणाला.

“बरोबर,” मी म्हटलं.

घड्याळात दोनला तीन मिनिटं होती.

“घेणाऱ्याला प्रश्न विचारता येतात,” बटण म्हणाला. ते खरं आहे. समाधान होईपर्यंत विचारता येतात.

“विचार.”

“मोजा कुठल्या पायात नव्हता?”

“उजव्या.”

तो वहीकडे बघत राहिला. “मला इतकी वर्षं डावा आठवत होता,” तो म्हणाला. मग म्हणाला, “उजव्या पायात मोजा नव्हता.”

“बरोबर.”

“तू झोपलास ते मला तेव्हाच कळलं होतं. झोप कोणाला लागत नाही? मलाही दोनदा लागलीय, तू सांभाळून घेतलंयस.” आता तो माझ्याकडे बघत होता. “पण अडीचनंतर मी इथे बसून आईचा विचार करत नव्हतो, शिड्या. तुझा करत होतो. जीपवाला आला की विचारत होतो, पुलाखाली बघितलंस का, नाल्यात बघितलंस का. मला वाटलं, तू मेलास. आई जात होती तेव्हा मी तुझ्यासाठी रडत होतो. आणि तू आलास आणि म्हणालास, स्कूटर.”

मला माफ कर, असं मी म्हणालो असेन. म्हणालो की नाही, ते आठवत नाही. म्हणालो असेन तर ते त्याने परत म्हटलं नाही, एवढं नक्की.

“आणखी काही अपूर्ण?” त्याने विचारलं.

“नाही.”

“काही नाही,” त्याने म्हटलं, आणि ‘अपूर्ण बाबी’समोर तेच लिहिलं. त्याचं अक्षर अजून मोत्यासारखं आहे.

“चार्ज दिला,” मी म्हणालो.

“चार्ज घेतला.”

त्याने सही केली. मी केली. माझी सही जरा वाकडी आली. त्याने हात पुढे केला नाही, मीही केला नाही. त्याची नजर एव्हाना पॅनेलवर गेली होती, आणि चार्ज घेतल्यावर ती तिथेच असायला हवी. मी माझा थर्मास उचलला. इनचार्ज उभा राहिला, “सर, कॅन्टीनमध्ये सगळे वाट बघतायत,” म्हणाला. मी मान हलवली.

दाराला काच आहे. बाहेर पडल्यावर मी वळून पाहिलं. एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, सुटलो की सुटलो.

आठ तास मी बसलेली खुर्ची माझ्या मापाची होती, सगळ्यात वरची. एकोणीस वर्षांनी आज तरी ती खाली करून ठेवावी, हे मला सुचलंच नव्हतं. बटण तिच्यावर चढला, अक्षरशः चढला, एक हात टेबलावर टेकून. त्याचे पाय जमिनीपासून वीतभर वर राहिले. त्याचा हात खाली दांड्याकडे जाईल म्हणून मी थांबलो. गेला नाही. पाय तसेच लोंबकळत ठेवून त्याने वही जवळ ओढली, आणि काट्यांकडे बघत बघत दोन वाजताची नोंद लिहायला घेतली.